तिथे काहीच नाही!

नवी मुंबईत राहणाऱ्या कुणालाही विचारा, "कर्नाळ्याला जाऊन आलात का हो?" बहुतेक जण हो म्हणतील. पुढे विचारा, "कसे वाटले?" उत्तर ठरलेले. "ठीक आहे. पण पक्षी कुठे आहेत? उगाच नाव पक्षी अभयारण्य. तिथे काहीच नाही!"

हे वाक्य मी सोसायटीच्या कट्ट्यावर ऐकले आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकले आहे, लोकलमध्ये ऐकले आहे आणि आमच्याच घरी दिवाळीच्या फराळाला बसलेल्या मंडळींकडूनही ऐकले आहे. (भाऊजी, वाचत असाल तर रागावू नका. नाव घेतलेले नाही!) आज मला या वाक्याशी भांडायचे आहे. चौतीस वर्षे वर्गात घसा फोडला, त्यामुळे आवाज जरा चढला तर सांभाळून घ्या. पण माझे ठाम मत आहे की नवी मुंबईत जेवढी वाक्ये बोलली जातात त्यात सगळ्यात महाग पडलेले वाक्य हेच. कसे, ते सांगते.

आधी कर्नाळ्याची थोडी माहिती, कारण बाहेरगावची आणि परदेशातली मंडळीही हे वाचतात. पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने पेणच्या दिशेला निघाले की दहा-बारा किलोमीटरवर हे अभयारण्य लागते. वर कर्नाळा किल्ल्याचा तो प्रसिद्ध सुळका, अंगठा उभा धरल्यासारखा. १९६८ साली अभयारण्य झाले तेव्हा त्याचे क्षेत्र जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर होते. २००३ मध्ये ते वाढवून बारा चौरस किलोमीटरच्या आसपास केले. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून मोठे, त्या मानाने हा तुकडा लहानच. त्यातून महामार्ग या तुकड्याला चिरून जातो. तरीही एवढ्याशा जागेत दीडशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे. काही बारमाही राहणारे, काही हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे, काही पावसाळ्यात विणीसाठी येणारे.

मग हे सगळे पक्षी रविवारी रजेवर जातात की काय?

तसे नाही. आपण रविवारी जातो आणि कसे जातो ते बघा. सकाळी आरामात उठून, पोहे खाऊन, अकराच्या सुमाराला दारात पोचायचे. पक्ष्यांची खरी लगबग पहाटे आणि पहिल्या दोन-तीन तासांत, नंतर उन्हे कलल्यावर. अकरा वाजता ते सावलीत गप्प बसलेले असतात. आपण मात्र पंधरा जणांचा घोळका करून, भडक टी-शर्ट घालून, एकमेकांना हाका मारत शिरणार. कुणाच्या तरी पाठीवरच्या पिशवीत गाणी वाजवणारा डबा असतोच. (त्याला ब्लूटूथ स्पीकर म्हणतात असे नातवाने सांगितले. मी त्याला उपद्रव म्हणते.) माकडाला वेफर्स द्यायचे, माकडाने पिशवी ओढली की किंचाळायचे, सुळक्याच्या पार्श्वभूमीवर फोटो काढायचे आणि दीड तासात बाहेर येऊन निकाल जाहीर करायचा: तिथे काहीच नाही. एखाद्याच्या घरी ढोल बडवत शिरावे, घरची माणसे घाबरून माळ्यावर लपावीत आणि मग आपण गावभर सांगावे की त्या घरात कुणी राहतच नाही, अशातला हा प्रकार!

बरे, गोंगाट नाही केला तरी जंगल लगेच दिसत नाही. रातवा नावाचा पक्षी घ्या. दिवसा तो वाळक्या पाचोळ्यावर बसून राहतो आणि त्याचा रंग असा की पाचोळा कुठे संपला आणि पक्षी कुठे सुरू झाला ते कळत नाही. तुमच्यापासून चार हातांवर असेल, तरी तुम्ही काहीच नाही म्हणत पुढे जाल. त्याचे सगळे आयुष्यच "तिथे काहीच नाही" असे तुम्हाला वाटावे यावर अवलंबून आहे! भृंगराज तर पक्का नकलाकार. काळाकुळकुळीत, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसांचे झुबके. तो दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज इतके हुबेहूब काढतो की कान नवखा असेल तर झाडात चार पक्षी आहेत असे वाटावे. पावसाळ्यात ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर गातो. गातो म्हणजे वर्गाबाहेर उभा केलेला एखादा मुलगा शीळ घालायला शिकत असावा तशी ती शीळ. मध्येच सूर चढतो, मध्येच घसरतो, परत पहिल्यापासून. माझ्यासारखीला ओळखीचा वाटणारच. पण तो ओढ्याच्या अंधाऱ्या खडकाळ भागात असतो, पाण्याच्या आवाजात मिसळलेला असतो आणि दोन मिनिटे गप्प उभे राहिल्याशिवाय ऐकू येत नाही.

पावसाळा सरता सरता पायवाटेच्या वर आडवी, हातभराहून मोठी, उन्हात सोनेरी दिसणारी जाळी असतात. मधोमध तळहाताएवढी कोळीण बसलेली. त्याच जाळ्याच्या कडेला एक चिमुकला, नखाएवढा जीव दिसतो. तो तिचा नवरा! हे बघून आमच्या महिला मंडळातल्या बायका जेवढ्या हसल्या तेवढ्या कुठल्या नाटकाला हसल्या नव्हत्या. त्याच वाटेने, आमच्या पुढे पाच मिनिटे, एक मोठा घोळका गेला होता. त्यांना ते जाळे दिसले नाही. काठीने तोडले नाही हेच नशीब.

आता मुळाशी येते. "काहीच नाही" या तक्रारीच्या पोटात एक हिशेब दडलेला आहे. तिकीट काढले, पेट्रोल जाळले, रविवार घालवला, तर मोबदल्यात काही दाखवा! आपण अभयारण्याला राणीच्या बागेची मोठी आवृत्ती समजतो. राणीच्या बागेत प्राणी दाखवण्यासाठीच ठेवलेले असतात, ते दिसले नाहीत तर तक्रार रास्त. अभयारण्य या शब्दाची मात्र नीट फोड करून बघा. अभय अधिक अरण्य. अभय कुणाला? तुम्हाला नव्हे. ज्यांना तिथे राहायचे, अंडी घालायची, पिल्ले वाढवायची, त्यांना. आपल्याला तिथे जाता येते ही मेहेरबानी आहे, करमणुकीचा करार नाही. सहावीच्या मुलालाही समजेल असा हा समास आहे, पण तिकीट हातात आले की मोठ्यांना समजेनासा होतो.

माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले. गावाला देवराई होती. लहानपणी आजीबरोबर तिथे जायचे तर वहाणा बाहेर काढायच्या, मोठ्याने बोलायचे नाही, पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही. आत काय आहे, काय दिसेल, असे आम्ही कधी विचारले नाही. देवराईतून परत येऊन "तिथे काहीच नाही" असे म्हणणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. मी फारशी देवभोळी नाही. पण देवाच्या धाकाने का होईना, आपल्या लोकांना एक रीत ठाऊक होती: काही जागांत मागायला जायचे नसते, गप्प राहायला जायचे असते. ती रीत आपण एका पिढीत घालवली आणि तिच्या जागी सेल्फी पॉइंट आणला.

इथे कॅमेरावाल्या मंडळींना हसू फुटले असेल. "बाई, आम्ही काही गोंगाट करत नाही." थांबा, तुमचीही पाळी आहे! तिबोटी खंड्या हा मुठीत मावेल एवढा रंगीत पक्षी पावसाच्या तोंडावर कोकणात विणीसाठी येतो. ओढ्याच्या किंवा वाटेच्या कडेला मातीच्या उभ्या दरडीत बीळ करून त्यात अंडी घालतो. त्या बिळासमोर हातभर लांबीच्या भिंगांची रांग लावून तासन् तास बसायचे म्हणजे काय? चोचीत पालीचे पिल्लू धरून तो फांदीवर घुटमळत राहतो, आत जायला धजत नाही आणि आत पिल्ले उपाशी. काही जण मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला उघड्यावर बोलावतात. त्या बिचाऱ्याला वाटते, हद्दीत दुसरा नर घुसला. खाणेपिणे सोडून तो भांडायला येतो आणि समोर भांडण कुणाशीच नाही! तुम्हाला फोटो मिळाला, त्याला काय मिळाले? "काहीच दिसले नाही" म्हणणारा आणि "मला दिसलेच पाहिजे" म्हणणारा, दोघांचे दुखणे एकच. जंगल आपल्यासाठी मांडून ठेवले आहे, असे दोघांनाही वाटते.

आता हे वाक्य महाग कसे पडले ते सांगते, कारण माझी खरी तळमळ तिथे आहे.

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर "पोटखराबा" असा एक शब्द असतो. लागवडीला निरुपयोगी ती जमीन पोटखराबा. शेतसारा ठरवण्यापुरता शब्द ठीकच. पण एकदा कागदावर खराब लिहिले की डोळ्यांनाही ती जमीन खराब दिसू लागते. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे आणि रायगड (तेव्हाचा कुलाबा) जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले. त्यात शेते होती, मिठागरे होती, खाजणे होती. मी त्याच शहरात राहते, इथल्या घराने मला सावली दिली आहे, तेव्हा शहरच नको असा आव मी आणत नाही. पण खाजणाकडे बोट दाखवून "इथे तर नुसता चिखल होता, काहीच नव्हते" असे लोक अभिमानाने सांगतात तेव्हा मला राहवत नाही. त्या चिखलात काय होते ते इथल्या आगरी-कोळी म्हाताऱ्यांना विचारा. निवट्या होत्या, चिंबोऱ्या होत्या, कोलंबी होती. भरतीचे पाणी पसरायला जागा होती. आणि त्या चिखलातले खाऊनच जगणारे फ्लेमिंगो आजही येतात.

फ्लेमिंगोची गोष्ट तर डोळ्यांत अंजन घालणारी आहे. नवी मुंबईने फ्लेमिंगोला डोक्यावर घेतले. भिंतींवर त्याची चित्रे, चौकात त्याचे पुतळे, "फ्लेमिंगो सिटी" असे बिरुद. हा पक्षी दिसतो ना! गुलाबी असतो, हजारोंनी येतो, रस्त्यावरून फोटो निघतो. ठाणे खाडीच्या १६९० हेक्टर भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली आणि २०२२ मध्ये ते रामसर यादीतही आले. फार चांगले झाले. पण हे पक्षी भरतीच्या वेळी खाडीतला चिखल बुडाला की विसाव्याला जातात कुठे? नेरूळसारख्या ठिकाणच्या लहान पाणथळ जागांत. त्या जागा अभयारण्याच्या रेषेबाहेर. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटा बुजलेल्या होत्या, तलाव सुकला होता आणि बिथरलेले पक्षी रस्त्यावर उतरत होते. अनेक मेले. चौकात पुतळा झळकत होता आणि जवळच खरा पक्षी मरत होता! नागरिकांनी ओरड केली, पाठपुरावा केला आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तो तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. ज्यांनी धडपड केली त्यांना माझा नमस्कार.

पण धडा काय? फ्लेमिंगो आपल्याला दिसला, पण चिखल, त्यातले शेवाळ आणि सूक्ष्म जीव दिसले नाहीत. त्या पक्ष्याचा गुलाबी रंगसुद्धा त्या खाण्यातून येतो. चिखल "काहीच नाही" आणि पक्षी "सगळे काही", हे गणित चुकले की उत्तर चुकणारच. कर्नाळ्यात दीड तासात "काहीच नाही" असा शेरा मारणारा डोळा आणि पाणथळीकडे बघून "मोकळी जागा, भर टाका" म्हणणारा डोळा एकच आहे. तो लहानपणी सहलीत घडतो आणि मोठेपणी नकाशावर सही करतो.

माझा भाचा या बाबतीत माझ्याशी वाद घालतो. तो म्हणतो, "मावशी, लोकांना मजा आली तरच लोक जंगल वाचवतील. झुलते पूल करा, दोरीवरून घसरायची सोय करा, खाण्याचे स्टॉल लावा. लोक येतील, पैसा येईल, जंगल वाचेल." मुद्दा टाकाऊ नाही. सोयी हव्यातच. स्वच्छ स्वच्छतागृह हवे, प्यायचे पाणी हवे, वाटेत टेकायला बाक हवा. माझ्या गुडघ्यांचीही तीच मागणी आहे. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला निदान पहिल्या टप्प्यापर्यंत जाता आले पाहिजे. पण दोरीवरून घसरायला आलेल्या माणसाला दोरी आवडते, जंगल नव्हे. उद्या तीच दोरी मॉलमध्ये लावली तर तो तिथे जाईल. त्याच्या भरवशावर जंगल कसे वाचणार?

ज्यांनी खरोखर काही वाचवले, ते कसे बघत होते? डॉ. सालिम अलींनी सुगरणींचा जो अभ्यास केला, १९३० च्या सुमारास गाजलेला, तो आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या किहीमला. सुगरण म्हणजे कुणाला अपूर्वाईचा पक्षी नव्हे, शेताच्या कडेला लोंबणारी घरटी सगळ्यांनी पाहिलेली. अलींनी त्या घरट्यांसमोर महिनोन् महिने बैठक मारली, तेव्हा कळले की घरटे नर विणतो, अर्धे झाले की मादी येऊन तपासते, पसंत पडले तरच संसार थाटते आणि मग हा पठ्ठ्या दुसरे घरटे विणायला घेतो! सगळ्यांना दिसत होते, पण बघितले एकाने. आणि आपले मारुती चितमपल्ली, गेल्या वर्षी म्हणजे जून २०२५ मध्ये गेले. वनखात्यातल्या नोकरीत कर्नाळ्याच्या जडणघडणीतही त्यांचा हात होता. त्यांनी आदिवासींकडून, रानात फिरणाऱ्या माणसांकडून पाखरांची, झाडांची नावे गोळा केली आणि मराठीला कोश दिले. ज्याला शंभर नावे येतात त्याला जंगलात शंभर गोष्टी दिसतात. ज्याला एकही येत नाही तो काय म्हणणार? "काहीच नाही." म्हणजे हे वाक्य जंगलाचे वर्णन नाहीच, ते बोलणाऱ्याचे प्रगतिपुस्तक आहे!

शिक्षक मंडळींना एक सांगते. हल्ली सहलीला मुलांना कागद देतात: "किती पक्षी पाहिले? यादी करा." मुले भराभर कावळा, चिमणी, पोपट, मोर लिहून मोकळी होतात. एका सहलीत तर मुलांनी ही यादी बसमध्येच, जाताना लिहून टाकलेली मी पाहिली! नव्वदच्या दशकात मी नववीच्या वर्गाला एसटीने कर्नाळ्याला नेले होते. ओढ्याकाठी दूर दूर बसवले आणि सांगितले, वीस मिनिटे बोलायचे नाही, जे ऐकू येईल ते लिहायचे. पहिली पाच मिनिटे चुळबुळ, खुसखुस. मग हळूहळू सगळे शांत झाले. एका मुलाने अकरा आवाज लिहिले. त्याला पक्ष्यांची नावे ठाऊक नव्हती, म्हणून त्याने लिहिले होते, "तांब्याचे भांडे ठोकल्यासारखा", "दार करकरल्यासारखा", "पान पानावर पडल्याचा". सातव्या क्रमांकावर होते, "हायवेवरचा ट्रक. हा सगळ्यात मोठा." पहिला आवाज तांबट पक्ष्याचा, हे त्याला नंतर कळले. पण ट्रकचे त्याने जे लिहिले ते मला आजही विसरता येत नाही. पंधरा वर्षांच्या पोराला वीस मिनिटांत कळले की त्या जंगलात सगळ्यात मोठा आवाज आपला आहे.

म्हणून सुचवते. पुढच्या वेळी जाल तेव्हा सकाळी लवकर जा, दोघे-तिघेच जा, मातकट कपडे घाला. हरियाल किंवा मोरटाका, कुठलीही एक वाट धरा आणि अर्ध्या वाटेतच बसा. शेवटपर्यंत पोचलेच पाहिजे असा काही नियम नाही. अर्धा तास बसा. फोन बंद. मुलांना "बघ, बघ" म्हणू नका, त्यांना काय ऐकू येते ते विचारा. प्लॅस्टिक नेऊच नका. माकडांना काही देऊ नका, त्यांचे पोट जंगल भरते. एवढे करून काहीच दिसले नाही, तर घरी येऊन म्हणा, "आज मला काही दिसले नाही." व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात आणि "तिथे काहीच नाही" या वाक्यात केवळ दोन-तीन शब्दांचा फरक आहे. पण पहिल्या वाक्याने जंगल जागेवर राहते.

आणि भाऊजी, थंडी आहे तोवर एका शनिवारी पहाटे साडेपाचला तयार राहा. डबा मी करते. स्पीकर घरी ठेवा.